पॅट्रिक गेडिस : झाडांकडून नगराकडे

मी वनस्पतिशास्त्र शिकवितो. आमच्या विषयात नाव कमावलेली माणसे पुष्कळ आहेत. पण या विषयाचे अध्यापकपद एकतीस वर्षे सांभाळून घरे, गल्ल्या, चौक आणि विहिरी यांच्या विचारात हयात घालविणारे पॅट्रिक गेडिस यांच्यासारखे दुसरे कोणी माझ्या पाहण्यात नाही. वास्तुविशारदाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. खरे पाहता कोणतीच पदवी नव्हती. (विद्यार्थ्यांनी यातून सोयीस्कर अर्थ काढू नये.) तरीही नगररचना हे आज जे शास्त्र मानले जाते, त्याच्या जनकांत त्यांची गणना होते.

लोकशाही म्हटली की आपल्यापुढे मतपेटी आणि विधिमंडळ उभे राहते. मात्र माणसे आधी भेटतात ती पारावर, पाणवठ्यावर, बाजारात, देवळाच्या ओवरीत. या जागा कोठे असाव्यात, कोणत्या राखाव्यात आणि कोणत्या पाडाव्यात हे कागदावर रेघा ओढणारा ठरवितो. त्याने हा कागद कोणाला विचारून काढावा, हा प्रश्न गेडिस यांनी आयुष्यभर विचारला.

त्यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलेटर या गावी एका सैनिकाच्या घरी झाला. लंडनला हक्स्ले यांच्या हाताखाली ते जीवशास्त्र शिकले. १८७९ साली मेक्सिकोत असताना त्यांचे डोळे गेले. कित्येक आठवडे अंधाऱ्या खोलीत काढावे लागले. खिडकीच्या तावदानांचे चौकोन बोटांनी चाचपडत ते विचार करीत, आणि प्रत्येक चौकोनात एकेक कल्पना मांडीत. पुढे दृष्टी आली, पण सूक्ष्मदर्शकावर तासन्‌तास बसणे कायमचे सुटले. एका जीवशास्त्रज्ञाचे नुकसान झाले आणि नगरांचे भले झाले, असे मी समजतो.

१८८६ साली विवाह झाल्यावर या जोडप्याने एडिंबरोच्या नव्या, ऐसपैस भागात घर केले नाही. गेडिस आणि त्यांची पत्नी ॲना जुन्या शहरातील जेम्स कोर्ट या दाटीच्या, कळकट वस्तीत राहावयास गेले. शेजाऱ्यांना हाताशी धरून भिंतींना सफेदी दिली, खिडक्यांत फुलझाडे लावली, पडके तेवढे काढून उजेड आत घेतला. १८८७ मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. त्याचा कारभार विद्यार्थीच पाहत. वसतिगृहात राहणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. रेक्टर महाशयांची क्षमा मागून हे लिहीत आहे.

साठीला टेकलेले गेडिस १९१४ साली मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून हिंदुस्थानात आले. नगररचनेवरील त्यांचे प्रदर्शन मागून जहाजाने येत होते. महायुद्ध सुरू झाले होते. एम्डेन या जर्मन युद्धनौकेने ते जहाज बुडविले. वर्षानुवर्षे जमविलेले नकाशे आणि चित्रे समुद्रतळी गेली. मित्रांनी इकडून तिकडून नवे साहित्य गोळा केले आणि १९१५ च्या आरंभी मद्रासला प्रदर्शन भरलेच.

आपली निपाणी तेव्हा मुंबई इलाख्यात होती. त्याच १९१५ साली इलाख्याचा नगररचना कायदा झाला, आणि गेडिस ठाणे, अहमदाबाद, सुरत अशी शहरे पाहत हिंडू लागले. त्यांची रीत साहेबी नव्हती. नकाशा हाती घेऊन ते पायी बोळाबोळांतून फिरत. सरकारी योजनेत दाट वस्तीतून एक सरळ रुंद रस्ता काढलेला असे, आणि त्या रेघेखाली शेकडो घरे येत. गेडिस यांना दिसे की पाडावयाच्या घरांत कित्येक घरे चांगली, नांदती आहेत, आणि खरी अडचण दोनचार पडक्या भिंतींची आहे. त्या काढाव्यात, मोकळ्या झालेल्या जागी चौक करावा, तेथे एखादे झाड लावावे, विहीर साफ करावी, एवढ्याने भागते. घरातून हुसकलेली गरीब माणसे शेजारच्या गल्लीत जाऊन दाटी करतात. म्हणजे घाण हटत नाही, केवळ जागा बदलते, हे त्यांचे म्हणणे होते. शल्यवैद्य जसा अवयव शक्य तितका राखून शस्त्र चालवितो, तसे हे काम त्यांना वाटे. हिवतापाच्या भीतीने तळी बुजविण्याचा हुकूम निघे, तेव्हा ते सुचवीत की तळी साफ करा आणि डासांच्या अळ्या खाणारे मासे सोडा. दारातील तुळशीवृंदावनाचे त्यांना मोठे कौतुक होते; घर स्वच्छ राखणाऱ्या बाईची खूण त्यांना त्यात दिसे.

आपल्या जुन्या पेठेत रस्ता रुंद करण्याची गोष्ट निघाली की मला हे सारे आठवते. खुणेचा रंग भिंतीवर पडतो, मग घरमालक जागा होतो. चर्चा रंगापूर्वी व्हावी, एवढेच तर त्या स्कॉटिश माणसाचे मागणे होते.

१९१७ हे वर्ष त्यांना फार जड गेले. थोरला मुलगा ॲलास्डेअर फ्रान्समध्ये रणांगणावर मारला गेला. ॲना कलकत्त्यात अंथरुणावर होत्या. त्यांना ही बातमी कळू दिली नाही, आणि त्याही गेल्या. अशा मनःस्थितीत त्यांनी होळकरांच्या इंदूर संस्थानचे काम पुरे केले. इंदुरात प्लेगची दहशत होती. गेडिस यांनी एका दिवसापुरते महाराजांचे अधिकार मागून घेतले आणि जाहीर केले की दिवाळीची मिरवणूक ज्या रस्त्यांवरची घरे सर्वांत स्वच्छ आणि दुरुस्त असतील, तेथूनच जाईल. गावभर झाडू फिरला. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्रचंड उंदीर होता, लक्ष्मी होती. आणि झाडूवाले नवे कपडे घालून, फुले लेऊन सन्मानाने चालत होते. घरोघर तुळशीची रोपे वाटली. शेवटी राक्षस आणि उंदीर जाळण्यात आले. १९१८ साली त्यांचा इंदूरवरील अहवाल दोन खंडांत निघाला.

यात एक विसंगती आहे, ती झाकण्यात अर्थ नाही. हे अधिकार राजाने दिले, लोकांनी नव्हे. कोणी मत दिले नव्हते. त्यांचे बरेचसे अहवाल दप्तरातच राहिले. पण मिरवणुकीचा रस्ता त्या दिवशी दरबाराने ठरविला नाही, इंदूरच्या आळ्यांनी ठरविला. राजेशाहीत याहून अधिक काय साधले असते, मला सांगता येत नाही.

१९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग निघाला. गेडिस त्याचे पहिले प्राध्यापक. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांना हेरून त्यांनीच विलायतेस पाठविले, आणि १९२४ मध्ये गेडिस गेल्यावर विभाग घुर्ये यांच्याकडे आला. प्रकृती ढासळल्याने गेडिस दक्षिण फ्रान्समधील माँपेल्ये येथे जाऊन राहिले. तेथेही स्वस्थ बसवेना. खडकाळ टेकडीवर त्यांनी विद्यार्थ्यांसाठी नवे निवासी कॉलेज उभारले आणि भोवती बाग केली. पूर्वी नाकारलेली सर ही पदवी त्यांनी १९३२ च्या आरंभी स्वीकारली, आणि त्याच वर्षी १७ एप्रिलला त्या बागेच्या घरीच त्यांचे निधन झाले.