निरपेक्ष देशसेवा : ॲबिगेल ॲडम्स

रणांगण गाजविणाऱ्या वीरांचीं चरित्रें आपण आवडीनें वाचतों. परंतु त्यांच्यामागें घर, शेत व मुलें सांभाळणाऱ्या स्त्रियांची कथा क्वचितच कानीं येते. म्हणून अमेरिकेच्या स्वातंत्र्यकालांतील श्रीमती ॲबिगेल ॲडम्स यांचें चरित्र वाचकांपुढें थोडक्यांत ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

बाईंचा जन्म १७४४ सालीं मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील वेमथ गांवीं झाला. वडील धर्मोपदेशक होते. शाळेचें तोंड बाईंनीं कधींच पाहिलें नाहीं. तथापि घरच्या ग्रंथसंग्रहावर त्यांनीं आपली ज्ञानाची भूक भागविली. १७६४ सालीं जॉन ॲडम्स या तरुण वकिलाशीं त्यांचा विवाह झाला.

१७७४ पासून जॉनसाहेब राष्ट्रकार्यासाठीं प्रथम फिलाडेल्फियास व पुढें युरोपांत गुंतले. शेती, हिशेब व मुलांचें शिक्षण यांचा भार बाईंनीं एकटीनें वाहिला. १७ जून १७७५ रोजीं बंकर हिलच्या लढाईच्या तोफा गर्जूं लागल्या, तेव्हां सात वर्षांच्या मुलास घेऊन त्यांनीं टेकडीवरून चार्ल्सटाउन गांव जळतांना पाहिलें. त्याच वर्षीं अतिसाराच्या सांथींत त्यांची आई गेली.

मार्च १७७६ मध्यें त्यांनीं पतीस पत्रानें विनविलें कीं, नवे कायदे करतांना स्त्रियांचा विसर पडूं देऊं नये व पतींच्या हातीं अनिर्बंध सत्ता ठेवूं नये. जॉनसाहेबांनीं ती गोष्ट हंसण्यावारी नेली. जुलै महिन्यांत स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला. जीवित, स्वातंत्र्य व सुखाचा शोध हे मनुष्याचे उपजत हक्क म्हणून घोषित झाले. परंतु बाईंच्या प्रांतांत स्त्रीस मताचा हक्क मिळाला नाहीं, आणि विवाहितेची मालमत्ता पतीच्याच ताब्यांत राहिली.

बाईंना हें शल्य सलत होतें. १७८२ च्या एका पत्रांत त्यांनीं असा विचार मांडिला कीं, ज्यांना राज्यांत पद नाहीं, कायद्यांत शब्द नाहीं, त्या स्त्रिया देशासाठीं आपलीं जिवलग माणसें दूर धाडतात. तेव्हां त्यांचीच देशभक्ति सर्वांत निरपेक्ष होय.

१७९७ मध्यें जॉनसाहेब राष्ट्राध्यक्ष झाले. १८०० सालीं वॉशिंग्टन येथील नव्या, अर्धवट बांधलेल्या अध्यक्षभवनांत बाई राहावयास गेल्या, तेव्हां तेथील मोठ्या दिवाणखान्यांत त्या कपडे वाळत घालीत. वैभवानें त्यांची काटकसर सुटली नाहीं. या काटकसरीनें व व्यवहारचातुर्यानें जमविलेलें द्रव्य त्या आपलें स्वतःचें मानीत. विवाहितेस असा अधिकार कायद्यानें नसतांहि १८१६ मध्यें त्यांनीं मृत्युपत्र लिहिलें, आणि त्यांतील बहुतेक देणग्या नाती, भाच्या, पुतण्या व घरांतील दासी अशा स्त्रियांनाच दिल्या. एकेकाळीं त्यांची विनंती हंसण्यावारी नेणाऱ्या पतीनें त्या इच्छेचा मान राखिला.

१८१८ सालीं बाई निवर्तल्या. टेकडीवर त्यांच्याबरोबर उभा असलेला तो मुलगा, जॉन क्विन्सी, १८२५ मध्यें राष्ट्राध्यक्ष झाला. स्त्रियांना मताधिकार देणारी दुरुस्ती अमेरिकेच्या राज्यघटनेंत होण्यास मात्र १९२० साल उजाडावें लागलें.

बाईंनीं देशासाठीं सर्व कांहीं सोसलें; परंतु न्याय मागण्याचें सोडलें नाहीं. निरपेक्ष सेवा म्हणजे मुकी सेवा नव्हे, एवढा बोध आमच्या विद्यार्थ्यांनीं व विद्यार्थिनींनीं या चरित्रापासून घ्यावा.