बालकाच्या भीतीला मिळालेले उत्तर

अनोळखी माणूस दिसताच तान्हे मूल आईच्या पदराआड तोंड लपवते. आपण त्यास भित्रे म्हणून हसतो. परंतु ही भीती म्हणजे दुर्बलता नव्हे, असा सिद्धांत टोबियास ग्रॉसमन या मानसशास्त्रज्ञाने 2022 मध्ये मांडला. मानवी बालक मोठ्या वानरांच्या पिलांहून अधिक भित्रे असते. त्याच्या भीतीला उत्तर म्हणून आईखेरीज आजी, बहीण, शेजारीण असे अनेक हात पुढे येतात, आणि माणसाच्या सहकारवृत्तीची वाढ याच संगोपनातून झाली असावी, असे त्याचे प्रतिपादन आहे. ही मीमांसा नवी असली, तरी भ्यालेल्या बालकाला आधार देण्याचे कार्य महाराष्ट्रात एका स्त्रीने फार पूर्वीच आरंभिले होते.

ताराबाई मोडक यांचा जन्म 1892 साली मुंबईत, प्रार्थना समाजाच्या संस्कारांत वाढलेल्या केळकर घराण्यात झाला. 1914 मध्ये त्या पदवीधर झाल्या. वैवाहिक जीवन विस्कटल्यावरही त्या खचल्या नाहीत. राजकोट येथील अध्यापिका विद्यालयाचे प्राचार्यपद सोडून 1923 मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात रुजू झाल्या. छडीच्या धाकावर चालणाऱ्या शाळांच्या त्या काळात तेथे शिक्षेला थारा नव्हता. 1926 मध्ये या कार्यातून नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला.

1945 मध्ये ताराबाई बोर्डीस आल्या. आदिवासी पाड्यांवरील मुले शाळेच्या इमारतीकडे फिरकत ना. तेव्हा मुलांना दोष न देता ताराबाईंनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. ओळखीची माणसे अवतीभवती असतील तेथेच मूल निर्धास्तपणे शिकते, हे मर्म त्यात होते. हीच अंगणवाडी होय. अनुताई वाघ यांच्या साथीने पुढे कोसबाड येथे विकासवाडी आकारास आली. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आल्याने भावंड सांभाळणाऱ्या मुलीलाही शिकता येऊ लागले.

1962 मध्ये पद्मभूषण किताबाने गौरविलेल्या ताराबाई 1973 मध्ये निवर्तल्या. 1975 मध्ये केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजनेच्या केंद्रांसाठी अंगणवाडी हेच नाव स्वीकारले. आज अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारसारख्या गावांपासून महानगरांतील वस्त्यांपर्यंत ते सर्वतोमुखी झाले आहे. मात्र नाव रुजले म्हणजे तत्त्व रुजले असे नव्हे. दाराशी थबकलेल्या मुलाला दटावले जाते की जवळ घेतले जाते, हीच त्याची खरी कसोटी आहे.