मनोविकारांचा नकाशा रेखाटणारा वैद्य : एमिल क्रेपेलिन

परप्रांतात बाजारहाट आणि कचेरी परभाषेत निभावते. मनातली व्यथा सांगताना मात्र मायबोलीच ओठांवर येते, हा अनुभव आम्हां सर्वांचाच आहे. मग रुग्णाची भाषाच न जाणणाऱ्या वैद्याने त्याच्या मनाचा विकार ओळखावा तरी कसा? हा पेच एमिल क्रेपेलिन ह्या जर्मन वैद्यासमोर उभा राहिला होता.

क्रेपेलिन ह्यांचा जन्म 15 फेब्रुवारी 1856 रोजी नॉयस्ट्रेलित्स येथे झाला. थोरले बंधू कार्ल हे निसर्गशास्त्रज्ञ. त्यांच्या सहवासात निरीक्षणाची आवड जडली. लाइपझिग येथे विल्हेल्म वुंट ह्यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी मानसशास्त्राचे धडे घेतले आणि 1883 साली मनोविकारांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला.

1886 मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, ते रशियन साम्राज्यातील डॉर्पाट (आजचे एस्टोनियातील तार्तू) येथे प्राध्यापक झाले. तेथील बहुतेक रुग्णांशी दुभाष्यावाचून बोलणे अशक्य होते. पुढे 1891 पासून हायडेलबर्ग येथे त्यांनी प्रत्येक रुग्णाचे स्वतंत्र टिपणपत्र ठेवण्याची शिस्त लावली. आरंभीचे निदान, आजाराची वाटचाल व अखेर ह्यांचा ते ताळा पाहत. आज दिसणाऱ्या लक्षणापेक्षा आजार कोणत्या वाटेने जातो हे महत्त्वाचे, ही त्यांची धारणा झाली. डॉर्पाटच्या अबोल वर्षांनी तिला बळ दिले असावे, असे आम्हांस वाटते.

1899 च्या आवृत्तीत त्यांनी दोन मोठे विकार वेगळे मांडले : बुद्धीचा ऱ्हास घडवणारा अकाली बुद्धिभ्रंश आणि येऊन-जाऊन असणारा उन्माद-विषाद. पहिल्यालाच पुढे ऑयगेन ब्लॉयलर ह्यांनी स्किझोफ्रेनिया म्हटले. मराठीत आपण छिन्नमनस्कता म्हणतो. 1904 मध्ये जावा बेटावरील रुग्णालयात जाऊन त्यांनी परदेशी रुग्णांशी तुलनाही केली. म्युनिकमधील सहकारी आलोईस अल्झायमर ह्यांचे नाव एका स्मृतिभ्रंशाला 1910 साली त्यांनीच दिले.

त्यांच्या चुकाही झाकू नयेत. मानववंशाच्या अधःपतनाच्या कल्पना त्यांनी उराशी धरल्या. त्यांचे शिष्य एर्न्स्ट र्‍यूडिन ह्यांनी पुढे नाझी राजवटीच्या सक्तीच्या नसबंदीच्या कायद्याला हातभार लावला. रुग्णाची स्वतःची कहाणी क्रेपेलिन ह्यांच्या टिपणांत मागेच पडली. तरीही आपल्या दोन विकारांमधील सीमारेषा सर्वत्र स्पष्ट नाही, हे 1920 साली त्यांनी स्वतःच मान्य केले. 7 ऑक्टोबर 1926 रोजी म्युनिक येथे त्यांचे निधन झाले.

1980 साली अमेरिकेत नवे वर्गीकरण रचताना त्यांचीच पद्धत पुन्हा आधारभूत ठरली. आज औषधोपचार पुष्कळ पुढे गेले आहेत, आणि छिन्नमनस्कतेचे अनेक रुग्ण सावरतात. नाव मिळाल्याने आजाराला वाट सापडते. परंतु नाव म्हणजे माणूस नव्हे. आपल्या घरात, शेजारात कुणाचे मन बिघडले, तर त्याला वैद्याकडे न्यावे. आणि त्याआधी, त्याच्याच भाषेत, त्याचे ऐकून घ्यावे. क्रेपेलिन ह्यांच्या टिपणपत्रांत राहून गेलेले तेवढे काम आपल्याला सहज करता येण्याजोगे आहे.