तीनपट चुकलेला गॅलिलिओ

गॅलिलिओ म्हटलं की आपल्याला काय आठवतं? पिसाचा कलता मनोरा, दुर्बीण आणि पृथ्वी फिरते असं म्हटल्याबद्दल झालेली शिक्षा. शाळेच्या पुस्तकातला गॅलिलिओ एवढाच. पण मित्रांनो, स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सने ज्यांची झोप उडवली आहे, त्या आपल्यासारख्यांचा गॅलिलिओ थोडा वेगळा आहे. भिंतीत रोवलेली तुळई, म्हणजे आपला कॅन्टिलिव्हर बीम, किती वजनाला मोडेल हा प्रश्न गणित मांडून सोडवायचा आणि तो पुस्तकात छापायचा, हे पहिल्यांदा या माणसाने केलं. त्याचं उत्तर चुकलं. थोडंथोडकं नाही, चांगलं तीनपट! तरीसुद्धा कॅड लॅबमध्ये स्क्रीनवर निळा-हिरवा-लाल बीम बघून आपण खूश होतो, त्याची सुरुवात तिथूनच झाली.

गॅलिलिओचा जन्म १५ फेब्रुवारी १५६४ चा, इटलीतल्या पिसा गावचा. वडील विन्चेन्झो हे संगीतकार. तार किती ताणली की सूर किती चढतो, याचे प्रयोग ते स्वतः करायचे. पोराने मात्र डॉक्टर व्हावं अशी त्यांची इच्छा. (हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना ओळखीचं वाटेल!) १५८१ मध्ये गॅलिलिओ पिसाच्या विद्यापीठात मेडिकलला गेला, तिथे गणिताच्या नादी लागला आणि १५८५ मध्ये डिग्री न घेताच बाहेर पडला. पुढे चार वर्षं शिकवण्या करून काढली आणि १५८९ मध्ये त्याच विद्यापीठात गणिताचा प्राध्यापक झाला. पगार वर्षाला ६० स्कुडी, म्हणजे अगदीच किरकोळ. १५९१ मध्ये वडील गेले आणि घराचा भार, बहिणींच्या हुंड्यासकट, या थोरल्या मुलावर पडला.

१५९२ मध्ये त्याला पडुआच्या विद्यापीठात जागा मिळाली. पगार वाढला तरी वर्षाला १८० फ्लोरिनच, खर्च भागेना. मग त्याने चक्क घरात हॉस्टेल सुरू केलं. युरोपातल्या बड्या घरची मुलं त्याच्याकडे राहायची, जेवायची आणि किल्ल्यांची बांधणी, भूमिती वगैरे विषयांची शिकवणी घ्यायची. रेक्टर, मेस आणि क्लास, सगळं एकाच माणसाकडे.

याच काळात त्याने एक गणनायंत्र तयार केलं. कंपाससारखे दोन पितळी पाय आणि त्यांवर कोरलेल्या पट्ट्या. त्यावर प्रमाण, व्याज, वर्गमूळ, घनमूळ, वेगवेगळ्या धातूंच्या तोफगोळ्यांना किती दारू लागेल, असे सगळे हिशोब पटापट करता यायचे. १५९९ मध्ये त्याने एक कारागीर घरातच ठेवून घेतला आणि यंत्रं बनवून विकायला सुरुवात केली. कमाई मात्र यंत्रापेक्षा ते वापरायला शिकवण्यात जास्त होती. आपल्याकडे कॅडचे क्लास चालतात, तसंच म्हणा ना! १६०६ मध्ये त्याने त्याचं मॅन्युअल छापलं, फक्त ६० प्रती, आणि कोणी नक्कल करू नये म्हणून त्यात यंत्राचं चित्रच दिलं नाही. तरी पुढच्याच वर्षी काप्रा नावाच्या एकाने ते पुस्तक लॅटिनमध्ये उतरवून स्वतःच्या नावावर छापलं. गॅलिलिओने दाद मागितली, केस जिंकली आणि काप्राचं पुस्तक जप्त झालं. सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल छापणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा.

पडुआहून व्हेनिस जवळ. तिथला आर्सेनल म्हणजे त्या काळचा प्रचंड मोठा जहाजांचा कारखाना. तिथले कारागीर अनुभवाने एक गोष्ट जाणून होते. छोट्या होडीचं प्रत्येक माप त्याच प्रमाणात वाढवून मोठं जहाज बांधलं, तर ते तेवढं दणकट होत नाही. धक्क्यावरून पाण्यात उतरवताना स्वतःच्याच वजनाने मोडायची भीती असते, म्हणून त्याला जास्त टेकू लावावे लागतात. भूमितीच्या दृष्टीने आकार तोच, मग ताकद तीच का नाही? हा प्रश्न गॅलिलिओच्या डोक्यात बसला. १६०९ च्या सुरुवातीच्या एका पत्रात त्याने कळवलंय, की तुळयांच्या ताकदीबद्दलचे सिद्धांत आपल्या हाती आले आहेत.

आणि त्याच वर्षी दुर्बीण आली! पगार १००० फ्लोरिन झाला, जानेवारी १६१० मध्ये गुरूचे चार चंद्र दिसले, गॅलिलिओ फ्लॉरेन्सच्या दरबारी गेला, युरोपभर नाव झालं. तुळईच्या कामाची वही बंद झाली, ती जवळजवळ पंचवीस वर्षं.

पुढची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे मत धरू नये, अशी ताकीद त्याला १६१६ मध्ये मिळाली. १६३२ मध्ये त्याच विषयावरचं त्याचं पुस्तक निघालं. २२ जून १६३३ रोजी रोममध्ये धर्मन्यायालयापुढे गुडघे टेकून त्याला आपलं मत मागे घ्यावं लागलं. (उठताना तो काहीतरी पुटपुटला म्हणतात ती दंतकथा.) वय ६९. तुरुंगवासाची शिक्षा पुढे नजरकैदेवर आली, पण पुस्तकावर बंदी, आणि नवं काही छापायलाही मनाई.

आधी त्याला सिएनाच्या आर्चबिशपकडे ठेवलं. खचलेल्या गॅलिलिओला त्या भल्या माणसाने पुन्हा कामाला लावलं आणि तुळईची जुनी वही उघडली गेली. डिसेंबरमध्ये फ्लॉरेन्सजवळच्या आर्चेत्रीतल्या स्वतःच्या घरी परतायची परवानगी मिळाली. घराशेजारच्या मठात त्याची मोठी मुलगी जोगीण होती, सिस्टर मारिया चेलेस्ते. बापाला प्रायश्चित्त म्हणून दर आठवड्याला स्तोत्रं म्हणायची होती, तीही तिने आपल्याकडे घेतली. तिची १२४ पत्रं आजही जपलेली आहेत. बाप घरी येऊन चार महिने होतात न होतात तोच, एप्रिल १६३४ मध्ये, ती गेली. वय अवघं ३३.

अशा अवस्थेत हा म्हातारा तुळयांचं गणित लिहीत होता. इटलीत छापणं शक्य नव्हतं. हॉलंडमधल्या लायडनचा प्रकाशक एल्झेविअर याच्यापर्यंत हस्तलिखित पोचवलं आणि १६३८ मध्ये दोन नव्या विज्ञानांवरचं ते पुस्तक निघालं. एक विज्ञान गतीचं, दुसरं पदार्थांच्या ताकदीचं. आपल्या संमतीशिवायच ते तिकडे छापलं गेलं, असा आव गॅलिलिओने आणला. बिचाऱ्याला ते बघता मात्र आलं नाही. १६३७ संपता संपता त्याचे दोन्ही डोळे गेले होते.

आता मुख्य मुद्दा. त्या पुस्तकात भिंतीतून बाहेर आलेली आणि टोकाला वजन टांगलेली तुळई आहे. गॅलिलिओने मांडलं ते असं : तुळई भिंतीपाशी, खालच्या कडेवर टेकून, तरफेसारखी फिरेल आणि सगळ्या छेदातला प्रत्येक धागा सारख्याच जोराने ओढला जाईल. यावरून त्याने काढलं, की ताकद रुंदीच्या प्रमाणात आणि उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हे शंभर टक्के बरोबर आहे. पट्टी आडवी धरली तर वाकते आणि उभी धरली तर वाकत नाही, हे आपण सगळेच बघतो. आडवीपेक्षा उभी पट्टी किती पट वजन पेलेल, हे त्याने आकड्यात सांगितलं. टोकाला वजन असेल तर तुळईची बाजू पॅराबोलासारखी निमुळती करता येते, एक तृतीयांश लाकूड वाचतं आणि ताकद तीच राहते, हेही त्याने दाखवलं. शेप ऑप्टिमायझेशन म्हणतात ते हेच की!

चूक झाली ती स्ट्रेसच्या वाटणीत. साधं उदाहरण घेऊ. १ मीटर लांब, ५० मिमी रुंद, १०० मिमी उंच लाकडी कॅन्टिलिव्हर. टोकाला १ किलोन्यूटन, म्हणजे साधारण शंभर किलो. लाकडाचा ई धरा १०,००० मेगापास्कल. आपल्या सूत्राने कमाल बेंडिंग स्ट्रेस येतो १२ मेगापास्कल आणि टोकाचं डिफ्लेक्शन ८ मिमी. सॉफ्टवेअरमध्ये हाच बीम काढून बघा, याच्या आसपासच आकडे मिळतील. गॅलिलिओच्या पद्धतीने मात्र स्ट्रेस येतो फक्त ४ मेगापास्कल. कारण न्यूट्रल ॲक्सिस त्याने तळाशी धरला, प्रत्यक्षात तो मध्ये असतो. वरचे धागे ताणले जातात, खालचे दाबले जातात आणि मधल्यांवर काहीच येत नाही. आणि डिफ्लेक्शन? ते त्याने काढलंच नाही. ताण आणि लांबीतली वाढ यांचा संबंध सांगणारा हुकचा नियम छापला गेला १६७८ मध्ये. वाकलेल्या बीमचं गणित याकोब बर्नुली आणि ऑयलरने पुढे नेलं, पारां आणि कुलोम यांनी छेदातला समतोल नीट मांडला आणि आपण पाठ करतो ते सूत्र १८२६ मध्ये नेव्हिएच्या पुस्तकात स्थिरावलं. म्हणजे एक गृहीतक पूर्ण निस्तरायला जवळजवळ १९० वर्षं लागली!

इथे लक्षात घ्या, गॅलिलिओची आकडेमोड कुठेच चुकली नव्हती. चुकलं ते गृहीतक. सॉफ्टवेअर आपल्याला आकडेमोडीतून सोडवतं, गृहीतकातून नाही. फिक्स्ड सपोर्टवर क्लिक केलं की कॉम्प्युटर तो आधार तसूभरही हलणार नाही असंच धरून चालतो. खरी भिंत तशी असतेच असं नाही.

याचीही गोष्ट त्याच पुस्तकात आहे. संगमरवराचा एक मोठा खांब दोन्ही टोकांखाली लाकडी ओंडके घालून आडवा ठेवला होता. मध्ये मोडू नये म्हणून कोणा कारागिराने मधोमध तिसरा ओंडका सरकवला. सगळ्यांना कल्पना पसंत पडली. काही महिन्यांनी खांब तडकला, तोही बरोबर त्या मधल्या ओंडक्यावर! झालं होतं असं, की टोकाचा एक ओंडका कुजून खचला, मधला मात्र टणक राहिला आणि अर्धा खांब हवेत लोंबकळला. दोनच ओंडके असते तर एक खचल्यावर खांबही त्याच्याबरोबर खाली बसला असता. हीच केस आपण लॅबमध्ये तीन पक्के आधार देऊन केली तर मधल्या आधारावरचा बेंडिंग मोमेंट दोन आधारांच्या कमाल मोमेंटच्या एक चतुर्थांश येईल. चित्र छान निळं दिसेल आणि आपण रिपोर्टला प्रिंट जोडू. टोकाचा आधार गेल्यावर तोच मोमेंट चौपट होतो आणि ताण येतो वरच्या बाजूला. पण ओंडका कुजेल का, हे सॉफ्टवेअर विचारत नाही. ते विचारायचं काम आपलं.

शेवटची वर्षं गॅलिलिओने अंधारात काढली. विव्हियानी नावाचा तरुण विद्यार्थी त्याच्याजवळ राहून वाचून दाखवायचा, लिहून घ्यायचा. अखेरच्या काही महिन्यांत टॉरिचेलीही आला. ८ जानेवारी १६४२ रोजी गॅलिलिओ गेला. शिक्षा झालेला माणूस म्हणून त्याचं मोठं स्मारकही तेव्हा होऊ दिलं नाही. १७३७ मध्ये, ९५ वर्षांनी, फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे चर्चमध्ये त्याला मानाची जागा मिळाली.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या प्रॅक्टिकलला रन दाबायच्या आधी एक कागद घ्या. आधार कुठे आहेत आणि ते खचले तर काय होईल, ते लिहा. स्ट्रेस आणि डिफ्लेक्शन ढोबळमानाने हाताने काढा. मग स्क्रीनवरचा आकडा त्याच्याशी ताडून बघा. दोन्हींत तीनपट फरक आला तर कोणाचं गृहीतक चुकलं ते शोधा, आणि सापडेपर्यंत प्रिंट काढू नका. व्हायवाला सर नेमकं तेच विचारतात!