आगबोटीवर पंगत मांडणारा माणूस : आल्बर्ट बालिन

हिवाळ्यात मुरगाव बंदराला पर्यटकांची भव्य जहाजे लागतात. त्यांवरील भोजनगृहे, चौघा-सहांची स्वतंत्र टेबले, यादी पाहून हवा तो पदार्थ मागविण्याची सोय यांचे आता कोणाला नवल वाटत नाही. गोव्यातील कित्येक कुटुंबांचा तर या भोजनगृहांशी पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध आहे; येथले आचारी आणि वाढपी जगभरच्या आगबोटींवर राबले आहेत. समुद्रावर सुखाने जेवता येते ही कल्पना रुजविण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, ते आल्बर्ट बालिन ९ नोव्हेंबर १९१८ रोजी हॅम्बुर्ग येथे निधन पावले. त्यांच्या आयुष्याची कथा उत्कर्षाची आहे, तशीच ती एका पंक्तिप्रपंचाचीही आहे.

बालिन यांचा जन्म १५ ऑगस्ट १८५७ रोजी हॅम्बुर्गमधील एका साधारण परिस्थितीतील ज्यू कुटुंबात झाला. अमेरिकेला निघालेल्या देशांतरितांना तिकिटे मिळवून देण्याची अडत हा वडिलांचा व्यवसाय होता. १८७४ मध्ये वडील वारले आणि कोवळ्या वयातच या मुलाला पेढीवर बसावे लागले. जहाजांशी त्यांची पहिली ओळख झाली ती अशी. झुंबरांच्या दालनांतून नव्हे, तर गाठोडी सांभाळीत धक्क्यावर ताटकळणाऱ्या गरिबांमधून.

पुढे त्यांनी कार कंपनीच्या मालवाहू जहाजांवर केवळ देशांतरितांची वाहतूक सुरू केली. वरच्या वर्गाचे उतारूच नसल्याने या गरिबांना डेकवर मोकळेपणाने फिरता येऊ लागले. भाडे कमी आणि मोकळीक अधिक, त्यामुळे बलाढ्य हॅम्बुर्ग-अमेरिका कंपनीचे उतारू तिकडे वळले. अखेर या कंपनीने १८८६ मध्ये बालिन यांनाच आपल्या उतारू विभागाचे प्रमुख नेमले. १८९९ मध्ये ते तिचे महासंचालक झाले.

उत्तर अटलांटिक महासागर हिवाळ्यात खवळतो आणि श्रीमंत उतारू प्रवास टाळतात. त्या काळात मोठी जहाजे रिकामी ठेवण्याऐवजी ती ऊबदार समुद्रात न्यावीत, असे बालिन यांनी ठरविले. जानेवारी १८९१ मध्ये ‘औगुस्टा व्हिक्टोरिया’ हे जहाज २४१ पाहुण्यांना घेऊन भूमध्य समुद्राच्या सफरीवर निघाले. स्वतः बालिन पत्नीसह त्यावर होते. कोठे पोहोचण्यासाठी नव्हे, तर प्रवासाच्या आनंदासाठी प्रवास, ही गोष्ट तेव्हा अनेकांना विक्षिप्तपणाची वाटली. आज तिच्यातच आधुनिक सागरी पर्यटनाची सुरुवात पाहिली जाते. दहा वर्षांनी, १९०१ मध्ये, केवळ अशा सफरींसाठी बांधलेले ‘प्रिन्सेसिन व्हिक्टोरिया लुईझे’ हे जहाज त्यांनी समुद्रात आणले.

सफरीवर निघालेल्या माणसाचा दिवस जेवणाच्या वेळांभोवती फिरतो, हे बालिन यांनी नेमके ओळखले. स्वतःच्या जहाजांवरून जाताना ते टिपणवही जवळ बाळगीत. भाजलेला पाव रुमालात गुंडाळून गरमच यावा, उशा मोठ्या असाव्यात, सूचनांच्या पाट्या मोजक्या आणि नीटस चौकटीत असाव्यात, अशा बारीकसारीक नोंदी ते करीत आणि त्यांची तड लावीत.

त्या काळातील जहाजांवरचे भोजनगृह म्हणजे लांबच लांब टेबले आणि जमिनीला जखडलेल्या फिरत्या खुर्च्या. ताटल्या घसरू नयेत म्हणून वादळात टेबलांना कठडे लावीत. घंटा झाली की सर्वांनी एकाच वेळी बसायचे आणि पुढे येईल ते खायचे. लंडनच्या कार्लटन हॉटेलातील भोजनगृह पाहिल्यावर जहाजावर हेच का नसावे, असा विचार बालिन यांच्या मनात आला. त्या हॉटेलची अंतर्गत सजावट करणारे आणि पॅरिसच्या रिट्झचे वास्तुकार शार्ल मेवेस यांना त्यांनी पाचारण केले. बेलफास्टच्या कारखान्यात बांधलेले ‘अमेरिका’ हे जहाज १९०५ मध्ये न्यूयॉर्ककडे निघाले, तेव्हा त्यावर नेहमीच्या भोजनगृहाखेरीज रिट्झ-कार्लटन नावाचे स्वतंत्र उपाहारगृह होते. लहान टेबले, हव्या त्या वेळी हवे त्यांच्यासह जेवण, यादीतून निवड आणि स्वतंत्र बिल अशी तेथील पद्धत होती. कार्लटनचे विख्यात बल्लवाचार्य ऑग्युस्त एस्कोफिए यांच्या शिस्तीत तयार झालेले आचारी तेथे रांधीत. आपण पाण्यावर आहोत याचा उतारूला विसर पडावा, हे मेवेस यांच्या रचनेचे सूत्र होते.

परंतु समुद्र स्वतःचा विसर सहजी पडू देत नाही. १९१३ मध्ये निघालेल्या ‘इम्पेराटोर’वर चार हजारांहून अधिक उतारूंची सोय होती, भव्य भोजनालय, ताडांचे उद्यानगृह, पाँपेईच्या धर्तीचा स्नानतलाव असा थाट होता. मात्र संगमरवराचा आणि जड सामानाचा भार वरच्या मजल्यांवर पडल्याने जहाज एका कुशीवर कलू लागले. अखेर धुराडी सुमारे तीन मीटरने कापावी लागली, संगमरवर उतरवून हलके वेताचे सामान मांडावे लागले आणि तळात सुमारे दोन हजार टन सिमेंट ओतावे लागले. पुढच्या ‘फाटरलांट’वर आणखी एक अडचण सोडविण्यात आली. बॉयलरचा धूर वाहून नेणारे अजस्र नळ एरवी दालनांच्या ऐन मध्यातून वर जात. येथे ते दुभागून दोन्ही बाजूंच्या भिंतींलगत नेण्यात आले. त्यामुळे एका दालनातून पुढच्या दालनात नजर विनाअडथळा जाऊ लागली. तेथील भोजनगृहाच्या ऐसपैसपणाचे श्रेय कारागिराच्या नक्षीइतकेच अभियंत्याच्या या युक्तीलाही आहे.

या वैभवाचा खर्च भागविण्यात जहाजाच्या तळच्या उतारूंचा वाटा मोठा होता. १८९२ च्या पटकीच्या साथीत हॅम्बुर्गमध्ये आठ हजारांहून अधिक माणसे मेली आणि पूर्व युरोपातून येणाऱ्या देशांतरितांवर संशयाचे बोट रोखले गेले. बालिन यांच्या कंपनीने १९०१ मध्ये फेडेल बेटावर देशांतरितांसाठी वसाहत उभारली. तेथे निजण्याची दालने, वैद्यकीय तपासणी, प्रार्थनास्थळे आणि भोजनगृहे होती. ज्यू उतारूंसाठी धर्मनियमांप्रमाणे अन्न शिजविणारा मुदपाकखानाही होता. यात व्यापारी हिशेब होताच. निरोगी उतारू अमेरिकेच्या बंदरातून परत पाठविला जात नसे. पण परक्या बंदरात, निघण्याच्या आदल्या रात्री, आपल्या आचाराप्रमाणे शिजलेले गरम अन्न मिळणे याचे मोल त्या माणसांना निराळे सांगावे लागले नसेल. आगबोटीवर मात्र पंक्तिप्रपंच कायमच राहिला. वर एस्कोफिएच्या परंपरेतील पक्वान्ने आणि खाली साधे पोटभर जेवण, अशा दोन पंगती एकाच जहाजावर बसत राहिल्या.

खुद्द बालिन यांच्या वाट्यालाही हा प्रपंच आला. कैसर दुसरा विल्हेल्म त्यांच्या घरी जेवायला येत असे आणि त्यांचा सल्ला घेत असे. तरीही बाप्तिस्मा न घेतलेला ज्यू म्हणून दरबारातील अनेकांच्या लेखी ते परकेच राहिले. धर्म बदलून ती वाट सोपी करणे त्यांनी स्वीकारले नाही.

युद्ध झाले तर आपली जहाजे उरणार नाहीत, हे त्यांना दिसत होते. १९१२ मध्ये त्यांनी आणि लंडनचे सावकार अर्नेस्ट कॅसल यांनी ब्रिटन व जर्मनी यांच्यातील आरमारी स्पर्धा शमविण्याची खटपट केली. जुलै १९१४ मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि हॉल्डेन व परराष्ट्रमंत्री ग्रे यांच्यासमवेत भोजनाला बसले. समेट घडेल ही आशा घेऊन ते परतले. काही दिवसांतच युद्ध पेटले.

तेव्हा त्यांच्या कंपनीकडे सुमारे १७५ जहाजे होती. ‘फाटरलांट’ न्यूयॉर्कजवळ अडकून पडले. १९१७ मध्ये अमेरिकेने ते ताब्यात घेऊन ‘लेव्हायथन’ असे नाव दिले. ज्या भोजनगृहासाठी धुराड्यांचे नळ दुभागले, तेथे जर्मनीविरुद्ध लढायला निघालेले सैनिक जेवू लागले. ९ नोव्हेंबर १९१८ रोजी कैसरच्या पदत्यागाची घोषणा झाली. त्याच दिवशी, झोपेच्या औषधाची अतिमात्रा घेतलेल्या बालिन यांचा अंत झाला. तेव्हा ते ६१ वर्षांचे होते. ‘इम्पेराटोर’ पुढे ब्रिटिशांकडे गेले आणि ‘बेरेंगारिया’ नावाने चालले.

कंपनीने १९२३ मध्ये आपल्या नव्या जहाजाला त्यांचे नाव दिले. ज्यू माणसाचे नाव नाझी राजवटीला सोसले नाही आणि १९३५ मध्ये ते पुसून ‘हान्झा’ असे करण्यात आले. दुसऱ्या महायुद्धानंतर हॅम्बुर्गने कंपनीच्या कचेरीसमोरील रस्त्याला ‘बालिनडाम’ म्हणण्यास सुरुवात केली आणि देशांतरितांच्या जागी आज ‘बालिनश्टाट’ नावाचे संग्रहालय उभे आहे. त्यांनी सजविलेली वरच्या वर्गाची भोजनगृहे केव्हाच मोडीत निघाली; त्यांचे नाव टिकले ते गाठोडी घेऊन आलेल्यांच्या वसाहतीत.