हरलेल्या उस्तादाला पुन्हा टीम द्यावी का? सय्यद अब्दुल रहीम यांच्या आयुष्यातून मिळणारं उत्तर

कळमना मार्केटमधला सकाळचा लिलाव आटोपला की चहाच्या टपरीवर फुटबॉलची चर्चा रंगते. कामठी इथून जवळच. रब्बानी क्लब असो की नागपूरचा यंग मुस्लिम, आपल्या मोहल्ल्यातल्या पोरांना या खेळाचं वेड जुनंच आहे. सीझन वाईट गेला की एक वाद ठरलेलाच असतो. जुन्या कोचला परत बोलवायचं का? एक गट म्हणतो, त्यानंच तर टीम घडवली. दुसरा म्हणतो, त्याच्याच काळात तर मार खाल्ला. हा वाद करणाऱ्या प्रत्येकानं मरहूम सय्यद अब्दुल रहीम यांचं आयुष्य एकदा समजून घ्यायला हवं.

रहीम साहेबांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादमध्ये झाला. उस्मानिया विद्यापीठात शिकले, तिथंच फुटबॉल खेळले आणि पुढं शाळेत शिक्षक झाले. शारीरिक शिक्षणाचा डिप्लोमा घेतला. १९४३ साली हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले आणि शेवटपर्यंत ती जबाबदारी सांभाळली. म्हणजे हा माणूस मुळात मास्तर. मैदानावरही त्यांनी मास्तरकीच केली. पोरांसाठी वेगवेगळ्या स्पर्धा भरवायचे. कुठं ड्रिब्लिंगला बंदी, कुठं फक्त कमजोर पायानंच चेंडू मारायचा, तर कुठं ठराविक उंचीच्या आतल्या खेळाडूंनाच प्रवेश. खेळता खेळता पोरगं पास द्यायला शिकायचं आणि त्याचे दोन्ही पाय तयार व्हायचे.

मराठवाडाही तेव्हा हैदराबाद राज्यातच होता. त्या राज्याच्या राजधानीतल्या सिटी पोलीस टीमला रहीम साहेबांनी देशात नाव मिळवून दिलं. या टीमनं १९५० मध्ये ड्युरँड कप जिंकला. मुंबईचा रोव्हर्स कप तर १९५० ते १९५४ असा सलग पाच वर्षं नेला. कूपरेजच्या मैदानावर मुंबईकरांनी हे डोळ्यांनी पाहिलं.

देशाची टीमही त्यांच्याकडं आली. १९५१ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत शैलेन मन्नांच्या भारतीय संघानं फायनलमध्ये इराणला १-० नं हरवलं. गोल मेवालालचा. पहिलंच सुवर्णपदक. सगळीकडं वाहवा झाली.

पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियानं भारताला १०-१ असं धुतलं. बाहेर गारठा, आणि आपले बहुतेक खेळाडू अनवाणी. एवढा मोठा पराभव पाहून कुठल्याही क्लबच्या कमिटीनं काय केलं असतं, ते आपल्याला ठाऊक आहे. कोचला घरी बसवलं असतं आणि स्वतः मोकळे झाले असते.

पण खरा दोष कुठं होता? युरोपच्या थंडीत अनवाणी पोरं उतरवणं ही एकट्या कोचची चूक नव्हती, तो सगळ्या भारतीय फुटबॉलचाच रिवाज होता. या पराभवानंतर फेडरेशननं बूट सक्तीचे केले. रहीम साहेबही बदलले. त्या काळी हंगेरीची टीम आपल्या सेंटर फॉरवर्डला मागं ओढून खेळवायची. तो डाव त्यांनी अभ्यासला, एका टचमध्ये पास देण्यावर भर दिला आणि आपल्या पोरांना जमेल अशा रीतीनं तो खेळ बसवला.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकला टीम पुन्हा त्यांच्याच हाती होती. अझीझुद्दीन, नूर मोहम्मद, बलराम अशी हैदराबादची पोरं संघात होती. मूळच्या गोव्याच्या नेव्हिल डिसोझानं हॅटट्रिक केली आणि ऑस्ट्रेलियाला ४-२ नं हरवून भारत सेमीफायनलला पोचला. आशियातला कुठलाही संघ त्याआधी तिथवर गेला नव्हता. सेमीफायनलला समोर पुन्हा युगोस्लाव्हिया. यावेळी पहिला गोल भारताचा होता! शेवटी ४-१ नं हरलो, पण चार वर्षांपूर्वीचे दहा गोल आठवा म्हणजे फरक कळेल. स्पर्धेत भारत चौथा आला.

१९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये हंगेरीशी २-१ नं हरलो, फ्रान्सशी १-१ बरोबरी केली आणि पेरूकडून हरून पहिल्याच फेरीत बाहेर पडलो. पुन्हा तोच प्रश्न उभा होता. आणि १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेला टीम पुन्हा रहीम साहेबांकडंच होती.

तोवर कॅन्सरनं त्यांचं शरीर पोखरलं होतं. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाकडून २-० नं हार. पण त्यांनी धीर सोडला नाही. डोक्याला टाके पडलेल्या जर्नैल सिंगला डिफेन्समधून काढून पुढं खेळवलं. थायलंड, जपान, दक्षिण व्हिएतनाम यांना हरवत टीम फायनलला गेली. ४ सप्टेंबरला स्टेडियम खचाखच भरलेलं आणि सगळं भारताच्या विरोधात. समोर तोच दक्षिण कोरिया. एक गोल पी. के. बॅनर्जीचा, दुसरा त्याच जर्नैलचा. २-१ नं सुवर्णपदक.

त्यानंतर जेमतेम नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ रोजी रहीम साहेबांचा इंतकाल झाला. वय अवघं ५३. आशियाई स्पर्धेतलं फुटबॉलचं सुवर्णपदक भारताला त्यानंतर आजवर मिळालेलं नाही. २०२४ मध्ये ‘मैदान’ सिनेमा आला तेव्हा कुठं आजच्या पोरांना हे नाव कळलं.

तर मग जुन्या कोचला परत बोलवावं का? फक्त जुन्या आठवणींसाठी बोलवू नये, आणि फक्त एका मोठ्या पराभवापायी कायमचं हाकलूही नये. तो मधल्या काळात काही नवं शिकला का, हे आधी बघा. मग स्वतःलाही विचारा, की क्लबनं काय बदललं? पोरांना बूट आहेत का, प्रॅक्टिसला मैदान आहे का, कमिटी त्याच्या कामात लुडबुड तर करत नाही ना? हेलसिंकीनंतर कोचही बदलला आणि फेडरेशनही बदललं, म्हणून मेलबर्न घडलं. नुसता माणूस परत आणून बाकी सगळं तसंच ठेवलं, तर निकालही तसाच लागणार.

अल्लाह मरहूम रहीम साहेबांची मग़फ़िरत करो आणि आपल्या मैदानांना असे मास्तर पुन्हा देवो. आमीन.