सायकलवीर यूजेन क्रिस्तॉफ

विजयी वीरांचीं चरित्रें जगांत पुष्कळ लिहिलीं गेलीं आहेत व तीं वाचून तरुणांच्या मनांत उत्साह उत्पन्न होतो, हें खरें. परंतु ज्या पुरुषाला इच्छित विजय अखेरपर्यंत मिळालाच नाहीं आणि तरीहि ज्याचें नांव कित्येक विजेत्यांच्या नांवांहून अधिक आदरानें घेतलें जातें, अशा पुरुषाचें चरित्र कांहीं निराळाच बोध करून देतें. फ्रान्स देशांतील प्रख्यात सायकलपटु यूजेन क्रिस्तॉफ हा अशा पुरुषांपैकीं एक होय.

पॅरिस शहराला लागून असलेल्या मालाकॉफ या गांवीं ता. २२ जानेवारी १८८५ रोजीं त्याचा जन्म झाला. लहान वयांतच तो कुलपें व लोखंडी सामान तयार करण्याचा धंदा शिकला. भाता, ऐरण, हातोडा व कानस हीं त्याचीं पहिलीं सोबतीं. पुढें तो सायकलच्या शर्यतींत उतरला, तथापि लहानपणीं हातीं बसलेली ही कारागिरी त्याच्या आयुष्यांतील अत्यंत कठीण प्रसंगीं त्याच्या उपयोगी पडावयाची होती.

फ्रान्सभोंवतीं सायकलवर प्रदक्षिणा घालण्याची सुप्रसिद्ध शर्यत, जिला 'तूर द फ्रान्स' असें म्हणतात, ती 'लोटो' नांवाच्या वर्तमानपत्रानें १९०३ सालीं सुरू केली. तिचा सूत्रचालक आंरी देग्रांज हा मोठा करारी मनुष्य होता. लवकरच ही शर्यत पांच हजार किलोमीटरांहून अधिक लांबीची झाली व तिचे पंधरा टप्पे पाडण्यांत आले. एकेक टप्पा तीनशें-चारशें किलोमीटरांचा असे, व त्यासाठीं स्पर्धकांना पुष्कळदां रात्रींच्या अंधारांतच निघावें लागे. १९१० सालीं स्पेनच्या सरहद्दीवरील पिरनीज पर्वतांतील उंच घाट शर्यतींत घेण्यांत आले व पुढील वर्षीं आल्प्स पर्वतांतील गालिबिए या घाटाची त्यांत भर पडली. रस्ते खडी-मातीचे असत. चढाव येतांच गति बदलून देणारें यंत्र वापरण्यास १९३७ पर्यंत या शर्यतींत मनाई होती. सुटे टायर खांद्याभोंवतीं गुंडाळून स्पर्धक मार्ग आक्रमीत. त्यांत आणखी एक नियम फारच कडक होता. सायकल मोडल्यास ती स्पर्धकानें स्वतःच्या हातांनीं दुरुस्त करावी. दुसऱ्या कोणाचेंहि साहाय्य घेऊं नये.

१९०६ सालीं क्रिस्तॉफनें या शर्यतींत प्रथम भाग घेतला व नववा क्रमांक मिळविला. त्याच्या सहनशीलतेची खरी ओळख मात्र जगाला १९१० सालीं इटलीमध्यें झाली. मिलान ते सान रेमो या सुमारें २९० किलोमीटरांच्या शर्यतीच्या दिवशीं डोंगरांत भयंकर हिमवर्षाव झाला. हातपाय बधिर झाल्यामुळें त्याला वाटेंतील एका खाणावळींत आसरा घ्यावा लागला. तेथें ऊब मिळून थोडें चलनवलन होऊं लागतांच तो पुन्हां बाहेर पडला आणि बारा तासांहून अधिक काळ झगडून पहिला आला. त्या दिवशीं अवघ्या चार जणांचीच शर्यत पुरी केल्याची नोंद झाली. या विजयाची किंमत म्हणून त्याला सुमारें एक महिना इस्पितळांत काढावा लागला.

१९१२ सालीं फ्रान्सच्या प्रदक्षिणेंत त्यानें लागोपाठ तीन टप्पे जिंकले. त्यांपैकीं एका टप्प्यांत आल्प्सचे घाट ओलांडीत सुमारें ३१५ किलोमीटर तो सर्वांच्या पुढें एकटाच धांवत होता. परंतु त्या काळीं निकाल वेळेवर नव्हे, तर प्रत्येक टप्प्यांतील क्रमांकाच्या गुणांवर लावीत असल्यामुळें बेल्जियमचा ओदील दफ्रे पहिला आला व क्रिस्तॉफला दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानावें लागलें. पुढील वर्षीं निकाल पुन्हां वेळेवर लावण्याचें ठरलें. आतां तरी याची पाळी आली, असें पुष्कळांना वाटूं लागलें.

१९१३ च्या जुलै महिन्यांत बायोन ते ल्यूशों हा ३२६ किलोमीटरांचा पहाडी टप्पा सुरू झाला. आघाडीवर असलेला दफ्रे थकून मागें पडला व त्यानें शर्यत सोडली. त्यामुळें अग्रस्थान क्रिस्तॉफच्या हातीं येण्याचा रंग दिसूं लागला. २,११५ मीटर उंचीचा तूरमाले घाट चढून तो उतरणीस लागला, तोंच त्याच्या सायकलच्या पुढील चाकाला दोन्ही बाजूंनीं धरून ठेवणारा लोखंडी चिमटा मोडला. मागून येणारे स्पर्धक एकामागून एक त्याला ओलांडून गेले. त्यानें मोडकी सायकल खांद्यावर घेतली, चाक हातीं धरलें व दहा किलोमीटरांहून अधिक अंतर तो डोंगर उतरत पायीं चालत गेला. पायथ्याशीं सांत-मारी-द-कांपां नांवाचें खेडें आहे. तेथें चौकशी करतां त्याला एका लोहाराची भट्टी सांपडली.

लोहार मदत करण्यास तयार होता, परंतु नियम आड येत होता. शर्यतीचे अधिकारी भट्टीपाशीं उभे राहून बारीक नजरेनें पाहत होते. क्रिस्तॉफनें विस्तव पेटविला, लोखंडी नळी तापविली, ऐरणीवर ठोकून तिला आकार दिला व सुमारें तीन तास खपून चिमटा तयार केला. ऐन कामाच्या वेळीं दोन्ही हात गुंतल्यामुळें तेथील एका लहान मुलानें भाता ओढला. एवढीच काय ती त्याला दुसऱ्याची मदत झाली. दुरुस्त केलेल्या सायकलवर बसून त्यानें पुढील दोन घाट पार केले आणि जवळजवळ चार तासांच्या उशिरानें तो ल्यूशोंला पोहोंचला. शर्यत जिंकण्याची आशा त्या भट्टींतच जळून गेली होती. त्यांत भर म्हणून भाता दुसऱ्यानें ओढल्याबद्दल त्याला दहा मिनिटांचा दंड झाला; पुढें तो तीन मिनिटांवर आणण्यांत आला. तरीहि त्यानें शर्यत सोडली नाहीं. पॅरिसला पोहोंचला तेव्हां त्याचा क्रमांक सातवा होता. पहिला क्रमांक बेल्जियमच्या फिलिप तीसला मिळाला.

हा दंड न्याय्य होता काय, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येईल. नियमाचें अक्षर पाहिल्यास तो योग्य होता. परंतु त्यांत दयेचा लवलेशहि नव्हता, असेंच म्हणावें लागतें. आजच्या काळीं स्पर्धकाची सायकल मोडल्यास पाठीमागच्या मोटारींतून त्याला दुसरी सायकल तत्काळ मिळते. मात्र एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. नियम कठोर आहे म्हणून क्रिस्तॉफनें तो चुकविण्याचा प्रयत्न केला नाहीं. नियमाच्या मर्यादेंत राहून जें कांहीं करतां येण्यासारखें होतें, तें सर्व त्यानें केलें.

१९१४ सालीं महायुद्ध पेटलें व ही शर्यत चार वर्षें बंद राहिली. फाबेर, लापीझ व पती-ब्रतों हे तिचे तीन पूर्वविजेते त्या युद्धांत प्राणांस मुकले. १९१९ सालीं शर्यत पुन्हां सुरू झाली, तेव्हां युद्धानें रस्त्यांची दुर्दशा झालेली होती. ६७ जण निघाले, त्यांपैकीं ११ जणच पॅरिसपर्यंत पोहोंचले. चौतीस वर्षांचा क्रिस्तॉफ या वेळीं आघाडीवर होता. अग्रेसर स्पर्धक लोकांना सहज ओळखतां यावा, म्हणून त्याला पिंवळा सदरा देण्याची पद्धत याच वर्षीं सुरू झाली. 'लोटो' पत्र पिंवळ्या कागदावर छापलें जात असे. ता. १९ जुलै रोजीं ग्रनोबल येथें तो सदरा सर्वांत प्रथम क्रिस्तॉफच्या अंगावर चढला. कांहीं प्रेक्षकांनीं पिंवळा कॅनरी पक्षी म्हणून त्याची थट्टाहि केली.

शेवटून दुसरा टप्पा मेट्झ ते डंकर्क असा ४६८ किलोमीटरांचा होता. क्रिस्तॉफची आघाडी जवळजवळ अर्ध्या तासाची होती व यश अगदीं हाताशीं आलें होतें. इतक्यांत व्हालांसिएन शहराजवळील दगडी फरसबंदीच्या रस्त्यावर चिमटा पुन्हां मोडला! जवळच्या एका सायकलच्या कारखान्यांत जाऊन त्यानें तो स्वतः दुरुस्त केला; पण त्यांत एका तासाहून अधिक वेळ गेला. पिंवळा सदरा फिर्मां लांबो या बेल्जियन स्पर्धकाकडे गेला व क्रिस्तॉफ अखेर तिसरा आला. त्याच्या या दुर्दैवानें सारें फ्रान्स हळहळलें. 'लोटो' पत्रानें त्याच्यासाठीं वर्गणी सुरू करतांच गरिबांपासून श्रीमंतांपर्यंत सर्वांनीं यथाशक्ति पैसे धाडले आणि तेरा हजार फ्रँकांहून अधिक निधि जमला.

दैवाची परीक्षा एवढ्यानें संपली नाहीं. १९२२ सालीं, वयाच्या ३७ व्या वर्षीं, त्यानें कांहीं दिवस पुन्हां पिंवळा सदरा मिळविला. परंतु गालिबिए घाटाच्या उतरणीवर तिसऱ्यांदां चिमटा मोडला. त्याहि वर्षीं त्यानें शर्यत पुरी केली व आठवा क्रमांक मिळविला. १९२५ सालीं, चाळिसाव्या वर्षीं, तो या शर्यतींत शेवटचा उतरला. एकंदर अकरा वेळां भाग घेऊन आठ वेळां तो शेवटपर्यंत पोहोंचला; पहिला मात्र एकदांहि आला नाहीं. ता. १ फेब्रुवारी १९७० रोजीं, ८५ व्या वर्षीं, तो पॅरिस येथें मरण पावला. ज्या खेड्यांत त्यानें आपला चिमटा घडविला, तेथें आज त्याचें स्मारक आहे. त्या वर्षींच्या विजेत्याचें नांव थोड्यांनाच ठाऊक असेल, पण ती भट्टी पाहण्यास दूरदूरचे प्रवासी येतात.

विद्यार्थिमित्रहो, पौल प्रेषितानें मनुष्याच्या जीवितक्रमाला शर्यतीची उपमा दिली आहे. त्या शर्यतींत प्रत्येकालाच पहिलें पारितोषिक मिळतें असें नाहीं. परीक्षेंतहि तें एकालाच मिळतें. परंतु साधन मोडलें असतां तें पुन्हां घडविणें, आणि अधिकारी पाहत असोत वा नसोत, नियम पाळून शेवटपर्यंत चालत राहणें, हें प्रत्येकाला साधण्यासारखें आहे. तसेंच, हातांनीं करावयाच्या कामाला जे हलकें लेखतात, त्यांनीं त्या भट्टींतील तीन तासांचा अवश्य विचार करावा. घाट चढण्याचें बळ पुष्कळांच्या अंगीं होतें. परंतु त्या दिवशीं क्रिस्तॉफला पॅरिसपर्यंत नेऊन पोहोंचविलें, तें बाळपणीं मनापासून शिकलेल्या एका साध्या धंद्यानेंच.